पावसाळ्यात निळं छापायचंय, तर उजेड कुठून आणायचा?

मागच्या अंकात सायनोटाइपवर लिहिताना मी अगदी सहज लिहून गेले की कागद आणि निगेटिव्ह काचेखाली दाबा, फ्रेम उन्हात ठेवा, दहा मिनिटांत काम झालं. आणि अंक तुमच्या हातात पडला जूनच्या शेवटी, म्हणजे अख्ख्या कोकणात नि घाटावर ऊन नावाची गोष्ट गायब झाल्यावर. त्यामुळे या वेळी जी पत्रं आणि मेल आलेत त्यातल्या निम्म्यांचा प्रश्न एकच आहे, उन्हाच्या जागी काय लावू? ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही दोन द्रावणं मिसळून कागदाला फासायची, अंधारात वाळवायची, वर निगेटिव्ह ठेवून उजेड दाखवायचा, मग साध्या पाण्यात धुवायचं की गडद निळा फोटो उरतो. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये काढलेली युक्ती आहे ही. एनलार्जर नाही, डार्करूम नाही, फक्त उजेड पाहिजे, आणि सगळं घोडं तिथेच अडतंय. तर चला.

ताई, चिपळूणला महिनाभर ऊन नाही. घरात ४० वॅटचा एलईडी बल्ब आहे, तो जवळ धरला तर प्रिंट येईल का? की १०० वॅटचा आणू? (एक वाचक, चिपळूण)

नाही येणार, आणि १०० वॅटचा आणला तरी नाही येणार. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो ते, तो कुठला उजेड देतो ते वॅटवरून कळत नाही. सायनोटाइप, व्हॅन डाइक ब्राउन, सॉल्ट प्रिंट, प्लॅटिनम या सगळ्या जुन्या पद्धतींना लागतो तो अतिनील उजेड, त्यातला यूव्ही-ए म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटरचा पट्टा (नॅनोमीटर हे उजेडाच्या लहरींची लांबी मोजायचं माप, पुढचे सगळे आकडे त्यातलेच), आणि व्यवहारात सगळे दिवे ३६५ च्या आसपासचे शोधतात. घरातल्या पांढऱ्या एलईडीत आत एक निळी चिप असते ४५० च्या आसपासची, वरून पिवळा लेप, त्यात अतिनील जवळजवळ नसतंच. म्हणून तर त्या दिव्याखाली बसून आपण कागदाला रसायन लावू शकतो, तो आपला सेफलाइट झाला, म्हणजे कागद न बिघडवणारा दिवा. साधी ट्यूबलाइट थोडंसं अतिनील गळते, पण तिच्याखाली प्रिंट करायची तर तासन्‌तास बसावं लागेल.

आणि एक, ढगाळ दिवशी अतिनील अगदीच शून्य नसतं हं. जरा उघडीप असेल तर गच्चीवर ठेवून चाळीस मिनिटं, तास अशी प्रिंट निघते, मी काढलीये. अडचण अशी की आज तास लागला आणि उद्या त्याच निगेटिव्हला अडीच तास, मधेच सर आली की फ्रेम उचलून पळा. मुंबईत १८५४ साली बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली, भाऊ दाजी लाडांचे धाकटे भाऊ डॉ. नारायण दाजी त्यात होते, त्यांच्याकडे छपाईला सूर्याशिवाय दुसरं काही नव्हतंच, पावसाळ्यात ही मंडळी काय करत असतील असं मला दर जुलैत वाटतं. आपल्याकडे निदान वीज आहे (चिपळूणला पावसात किती असते ते तुम्हीच सांगा).

ताई, हॉस्टेलवर आहे, बजेट नाही. माझ्याकडे या गोष्टी आहेत: घरच्या वॉटर प्युरिफायरची काढलेली यूव्ही ट्यूब, रूममेटचा जेल नेलपॉलिश सुकवायचा लॅम्प, आणि बाबांच्या दुकानातलं नोटा तपासायचं मशीन. यातलं काय चालेल? (कलाशाखेची विद्यार्थिनी, पुणे)

सगळ्यात आधी ती प्युरिफायरची ट्यूब हातातून खाली ठेव, प्लीज. तिच्यावर यूव्ही लिहिलंय ते खरंय पण ते यूव्ही-सी आहे, २५४ नॅनोमीटर, जंतू मारायला बनवलेलं. प्युरिफायरमध्ये ती स्टीलच्या नळीत बंद असते म्हणून आपल्याला काही होत नाही. उघडी लावलीस तर काही मिनिटांत डोळ्यांची आणि कातडीची वाट लागते, वेल्डिंगकडे बघत बसलेल्या माणसाला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं ना, तसंच. आणि एवढं करून प्रिंटला उपयोग काय तर शून्य, कारण फ्रेमची काच यूव्ही-सी आत जाऊच देत नाही. कोविडच्या वेळी मोबाइल नि पाकिटं निर्जंतुक करायचे जे डबे लोकांनी घेतले होते त्यांचंही तेच, त्यातला दिवा काढून वापरू नकोस.

नेल लॅम्प मात्र झकास. जुना असेल, आत ९ वॅटच्या इंग्रजी यू आकाराच्या चार ट्यूबा, तर त्या ३६५ च्या असतात आणि पोस्टकार्डाएवढी प्रिंट आरामात निघते. नवा एलईडीवाला असेल तर त्यात बहुतेक ३६५ आणि ४०५ असे दोन्ही ठिपके असतात, तोही चालतो, फक्त ठिपके दूर दूर असल्याने कागदावर डाग-डाग उजेड पडतो. त्याचा तळ काढून लॅम्प दोन पुस्तकांवर उंच ठेव, दर दोन मिनिटांनी फ्रेम थोडी फिरव. नवे लॅम्प ६० किंवा ९९ सेकंदांनी आपोआप बंद होतात त्यामुळे सारखं बटण दाबत बसावं लागतं, किती वेळा दाबलं ते कागदावर रेघा मारून मोजत जा, मी एकदा गप्पांत विसरले होते. रूममेटला एक प्रिंट दे म्हणजे ती कुरकुरणार नाही.

नोटांच्या मशीनमधली ट्यूब बरोबर जातीची असते पण जेमतेम ४-६ वॅटची. छपाईला नको, मशीन बाबांना परत दे. आणि हो, सजावटीच्या दुकानात जांभळ्या काचेचा गरम होणारा ‘ब्लॅकलाइट बल्ब’ मिळतो तो घेऊ नकोस, तो साधा पिवळा बल्बच असतो वरून रंगवलेला, अतिनील जवळपास नाही. जांभळे सजावटीचे एलईडी, कुंड्यांवर लावायचे झाडांचे गुलाबी दिवे, तेही बाद.

आमचं मिठाईचं दुकान आहे. माशा-किडे पकडायच्या मशीनमध्ये निळसर ट्यूबा असतात, त्या यूव्हीच्या आहेत असं इलेक्ट्रिशियन म्हणतो. त्यांनी प्रिंट होईल का? मोठी, ए३ प्रिंट करायची आहे. (एक वाचक, कोल्हापूर)

तुमचा इलेक्ट्रिशियन हुशार आहे. माझ्या मते आपल्याकडे घरच्या घरी उजेडाचा डबा, म्हणजे वर ट्यूबा आणि खाली फ्रेम असा छपाईचा डबा, बनवायला सगळ्यात सहज मिळणारी चीज हीच. किड्यांना ३५०-३७० च्या आसपासचा उजेड ओढतो, आपल्या कागदालाही तोच लागतो, त्यामुळे मशीनवाल्यांनी आपलं काम करून ठेवलंय. या ट्यूबा दोन जातींच्या असतात. बंद असताना पांढरी दिसते आणि लावल्यावर फिकट निळी, ती बीएल. बंद असताना काळीजांभळी काच दिसते ती बीएलबी, तिच्यात दिसणारा उजेड गाळून टाकणारी काच असते, नाटकात दात चमकवायला वापरतात ती. छपाईला दोन्ही चालतात पण बीएलबी महाग आणि तिच्यात आपल्याला काही जास्तीचं मिळत नाही, उलट लावल्येय का नाही तेही धड कळत नाही. बीएलच घ्या. ट्यूबच्या खोक्यावर ३५० पासून ३७० पर्यंत काहीही लिहिलेलं असलं तरी घाबरू नका. फक्त दुकानातल्या मशीनमधून काढलेल्या जुन्या ट्यूबा आणू नका, त्या दिसायला पेटतात पण आतला लेप थकलेला असतो, म्हणून तर मशीनवाले वर्षाला बदलायला सांगतात.

आता ए३. कागद २९७ बाय ४२० मिलिमीटर. १५ वॅटची टी८ ट्यूब साधारण ४४ सेंटीमीटर लांब असते, दोन्ही टोकांची दोन-तीन सेंटीमीटर मंद जळतात, म्हणजे कामाची धरा ३८. कागदाची छोटी बाजू ट्यूबच्या लांबीत निवांत बसली. मोठ्या बाजूला ट्यूबा एकीशेजारी एक लावायच्या, मध्यापासून मध्यापर्यंत ४ सेंटीमीटर ठेवलं तर १२ ट्यूबा लागतात आणि दोन्ही कडांना थोडा उजेड सांडायला जागा उरते. एकूण १८० वॅट, दोन-तीन छताच्या पंख्यांएवढी वीज. कमी ट्यूबा लांब लांब लावून पैसे वाचवायचा मोह होईल, तसं केलंत तर कागद पण तेवढाच खाली न्यावा लागतो, नाहीतर पट्टे पडतात. माझा हिशोब असा की ट्यूबांमधलं जेवढं अंतर त्याच्या दीडपट तरी कागद खाली, म्हणजे इथे सहा-सात सेंटीमीटर. दहा केलंत तरी फारसा फरक पडत नाही, एका बल्बाखाली अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो ते गणित एवढ्या रुंद पाट्याखाली लागू होत नाही.

डबा प्लायवूडचा करा, सुतार नको, चार फळ्या आणि वर झाकणासारखी ट्यूबांची पाटी. चोक इलेक्ट्रॉनिक घ्या, दोन ट्यूबा चालवणारे मिळतात म्हणजे सहा झाले, ते डब्याच्या बाहेर मागच्या बाजूला लावा, आत गरम होतात. कॉम्प्युटरचा एक जुना १२ व्होल्टचा पंखा बाजूला भोक पाडून बसवा. अर्थिंग खरं द्या, नुसती तीन पिनांची शोभा नको, कारण शेजारी पाण्याचे ट्रे आहेत आणि आपले हात ओले.

आणि इथे मी माती खाल्ली होती ते सांगते. पहिला डबा बनवला तेव्हा आतून छान दोन हात पांढरा ऑइलपेंट मारला, उजेड परतून कागदावर येईल म्हणून. चकचकीत पांढरंशुभ्र दिसत होतं, मी खूश. प्रिंटला वेळ मात्र अंदाजापेक्षा खूपच जास्त. आठ दिवस ट्यूबांना शिव्या घातल्या, दुकानदाराशी भांडून दोन बदलूनही आणल्या. मग कळलं की पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असतं आणि ते आपल्या डोळ्याला दिसणारा उजेड परत पाठवतं पण ३६५ चा उजेड गिळून टाकतं, सनस्क्रीनमध्ये ते घालतात ते याचसाठी! म्हणजे मी डब्याला आतून सनस्क्रीन फासलं होतं. वर साधा स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवला, सुरकुत्या पडल्या तर पडल्या, आणि वेळ लगेच खाली आला.

ट्यूबा आता जुन्या झाल्या, सगळं एलईडीवर चाललंय. ऑनलाइन ५० वॅटचा यूव्ही फ्लडलाइट स्वस्तात दिसतोय, ३६५-४०० असं लिहिलंय. घेऊ का? की स्ट्रिप लावू? (एक वाचक, नाशिक)

‘३६५-४००’ असं लिहिलेलं असेल तर ४०० समजून चाला. ३६५ ची खरी चिप महाग पडते, ३९५-४०५ ची स्वस्त, त्यामुळे विकणारा मोठा आकडा लपवायला छोटा आधी लिहितो. मी पण एक असा दिवा मागवला होता, खोक्यावर ठळक ३६५, लावला तर खोलीभर गडद जांभळा उजेड. खरा ३६५ चा दिवा असा जांभळा झगझगीत दिसत नाही, तो मरगळलेला, निळसर पांढुरका दिसतो, वाटतं की बिघडलाय. दिवा डोळ्याला जितका जांभळा आणि भारी दिसेल तितका तो ४०० च्या जवळचा. शंभराच्या नोटेवरचे आकडे चमकले म्हणून ३६५ असं समजू नका, ते ३९५ लाही चमकतात.

पण ३९५ म्हणजे टाकाऊ असंही नाही, हे नीट ऐका. सायनोटाइप ३९५ ला छापते, ४०५ ला पण छापते, फक्त तेवढ्याच ताकदीच्या ३६५ पेक्षा हळू. गम बायक्रोमेट या दुसऱ्या जुन्या पद्धतीने छापणाऱ्यांना तर काळजीच नाही, त्यातलं डायक्रोमेट हे रसायन निळ्या उजेडापर्यंत दाद देतं. (डायक्रोमेट हाताळताना हातमोजे, ते विषारी आहे आणि कॅन्सरकारक आहे, बेसिनमध्ये ओतू नका.) एलईडीची ताकद भरपूर असल्याने हळू असूनही एकूण वेळ ट्यूबांच्या बरोबरीला येतो. पेटला की लगेच पूर्ण उजेड, पारा नाही, फुटायची भीती नाही, वर्षानुवर्षं चालतो.

मग अडचण कुठे येते? निगेटिव्हमध्ये. आपण बहुतेक जण इंकजेट प्रिंटरवर ओएचपी फिल्मला, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या शीटला, निगेटिव्ह छापतो. ती शाई डोळ्याला जेवढी काळी दिसते तेवढीच अतिनीलाला काळी असते असं अजिबात नाही, आणि ३६५ ला ती जेवढं अडवते तेवढं ३९५ ला अडवेलच असंही नाही. मी ट्यूबांच्या डब्यावर महिनाभर खपून कर्व्ह (निगेटिव्हमधल्या गडद-फिक्या छटांचं कॉम्प्युटरवरचं गणित) बसवला होता, तीच निगेटिव्ह एलईडीखाली ठेवली तर वाड्याच्या फोटोतलं पांढरं आकाश निळसर मळकं आलं. आधी वाटलं जास्त वेळ दिला, वेळ कमी केला तर सावल्या फिक्या. दिवा बदलला म्हणजे कर्व्ह नव्याने बसवायचा, याला शॉर्टकट नाही. म्हणून माझं म्हणणं, एकदा दिवा निवडला की त्याच्याशीच संसार करा, दर सहा महिन्यांनी नवीन काहीतरी दिसलं म्हणून बदलत बसलात तर प्रिंटा कधीच होणार नाहीत, नुसत्या टेस्ट स्ट्रिपा होतील.

फ्लडलाइट की स्ट्रिप? पोस्टकार्ड ते ए५ साठी फ्लडलाइट, दोन फूट वर टांगायचा. मध्ये उजेड जास्त कडेला कमी असतो, उंच टांगला की तो फरक कमी होतो पण वेळ वाढतो. ए४ आणि पुढे असेल तर स्ट्रिप बरी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी विचारा, १२ व्होल्टची ५ मीटरची गुंडाळी मिळते, ३९५-४०५ ची. ती लाकडावर चिकटवू नका, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवा, उष्णता निघून गेली पाहिजे, नाहीतर सहा महिन्यांत मंद होते. ओळींमध्ये दोन-अडीच सेंटीमीटर. आणि पाचही मीटर एका टोकाने पेटवू नका, शेवटच्या टोकाला व्होल्टेज कमी पडतं, डावीकडून उजवीकडे प्रिंट फिकी होत जाते आणि माणूस रसायनांना दोष देत बसतो. तुकडे करून प्रत्येकाला एसएमपीएसमधून (स्ट्रिपला १२ व्होल्ट देणारा डबा) वेगळी वायर द्या.

उजेड सारखा पडतोय का ते बघायला मीटर नको. अख्खा कागद रसायन लावून निगेटिव्हशिवाय ठेवा, नेहमीच्या निम्म्याहून कमी वेळ द्या आणि धुवा. मध्यम निळा येईल आणि त्यात जे काही पट्टे, डाग, कोपऱ्यातला अंधार असेल तो सगळा नकाशासारखा छापून येईल. पूर्ण वेळ दिलात तर सगळंच गडद होतं आणि दोष लपतो, म्हणून निम्मा.

डोळ्यांचं सांगायचं राहिलं. यूव्ही-ए म्हणजे यूव्ही-सीसारखं लगेच भाजत नाही, पण रोज उघड्या दिव्याशेजारी बसू नका, मोतीबिंदूला आमंत्रण आहे ते. अतिनील एलईडी डोळ्याला मंद वाटतात म्हणून बाहुली आक्रसत नाही आणि आपण खुशाल बघत राहतो. डबा झाकलेला ठेवा, झाकण उघडलं की दिवा बंद होणारा स्विच लावा, वर्कशॉपमध्ये मिळणारा पॉलिकार्बोनेटचा पारदर्शक चष्मा घाला.

वडिलांच्या कोडासाठी डॉक्टरांनी घरी वापरायचा यूव्ही दिवा दिला होता. आता वापरात नाही. चालेल? (सोलापूर)

नको. कोड आणि सोरायसिससाठीचे दिवे बहुतेक नॅरोबँड यूव्ही-बी, ३११ नॅनोमीटरचे असतात. फ्रेमची काच त्यातलं बरंचसं अडवते आणि तुमच्या हातावर मात्र लाली येते. डॉक्टरांना विचारून दुसऱ्या पेशंटला देता येतो का बघा. तसाच तान्ह्या बाळाच्या काविळीचा निळा दिवा, तो अतिनील नाहीच, निळाच आहे, त्याबद्दलही दोघांनी विचारलंय म्हणून सांगितलं.

मी पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होतो. आमच्या ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे जुनं अमोनिया प्रिंटचं मशीन धूळ खात पडलंय, भंगारच्या भावात देतोय. शिवाय रस्त्यावरचे जुने १२५ वॅटचे मर्क्युरी दिवेही मिळू शकतात. यातलं काही घ्यावं का? (एक ज्येष्ठ वाचक, सांगली)

काका, तुमचं पत्र वाचून इतकं छान वाटलं. तुम्ही आयुष्यभर जे नकाशे हाताळलेत त्यांच्या आधीची पिढी म्हणजे ब्लूप्रिंट, निळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा, ती सायनोटाइपच होती. अमोनिया प्रिंट नंतर आली, पांढऱ्यावर निळ्या-जांभळ्या रेघा, तिचं रसायन वेगळं, डायझो. डायझोच्या मशीनमध्ये काहींत लांब मर्क्युरी दिवा असतो, काहींत ट्यूबा, आणि त्या ट्यूबा बऱ्याचदा ४२० नॅनोमीटरच्या असतात. सायनोटाइपला त्या चालतात पण रेंगाळत. शिवाय मशीनमध्ये कागद काचेच्या नळीभोवती पळत जातो, आपल्याला तो पंधरा मिनिटं एका जागी पाहिजे. मशीन घेतलंत तर आतले चोक, वायरिंग, पत्रा, पंखा हे सगळं सोन्यासारखं आहे, त्यात बीएल ट्यूबा बसवायच्या. आतला वास जायला महिना लागेल ते वेगळं.

मर्क्युरी दिव्यात ३६५ ची रेघ जोरदार असते हे खरं. पण रस्त्यावरच्या दिव्याच्या काचेला आतून पांढरा लेप असतो, त्यातलं बरंचसं अतिनील तो दिसणाऱ्या उजेडात बदलून टाकतो, तेच त्याचं काम. काही जण बाहेरची काच फोडून आतली छोटी नळी उघडी वापरायचा उद्योग करतात, ते चुकूनही करू नका, त्यातून यूव्ही-सी थेट बाहेर येतं. जसा आहे तसा लावलात तर चार-पाच मिनिटं तापायला घेतो, मधे वीज गेली की थंड होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, आणि डोक्यावर शेगडी ठेवल्यासारखं होतं. त्यापेक्षा गावात लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंग करणारा कोणी असेल त्याच्याकडे जा, त्याच्याकडे स्क्रीन एक्स्पोज करायचा काचेचा डबा असतोच, त्याचं आणि आपलं काम अगदी सख्खे भाऊ. चहा पाजून दोन प्रिंटा करून बघा, मग खर्च करा.

ट्यूबांचा डबा केला. पण उन्हात ज्या निगेटिव्हने कडक शार्प प्रिंट येत होती तीच आता मऊ, धूसर येते. काच फुटायच्या भीतीने मी जाड पॉलिकार्बोनेटची शीट वापरतोय. (ठाणे)

यात दोन वेगळ्या चुका एकत्र झाल्यात. पॉलिकार्बोनेट आधी काढा. मघाशी चष्म्यासाठी जे सांगितलं तेच इथे उलटं लागू होतं, ते अतिनील अडवतं म्हणून डोळ्याला चांगलं आणि प्रिंटला वाईट. अ‍ॅक्रिलिकच्याही बऱ्याच शीटा यूव्ही अडवणाऱ्या असतात. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच, गाडीच्या पुढची असते तशी, तीही नको. साधी ४-५ मिलिमीटरची काच, कडा घासून घेतलेली, ३६५ ला बऱ्यापैकी वाट देते. तुमचा वेळ लगेच कमी होईल बघा.

शार्पपणाचं कारण मात्र वेगळं आहे. सूर्य लांब आहे, त्याची किरणं जवळजवळ समांतर येतात, निगेटिव्ह आणि कागद यांच्यात केसभर फट असली तरी खपून जातं. ट्यूबांच्या पाट्यातून उजेड सगळ्या बाजूंनी तिरका येतो आणि त्या केसभर फटीत शिरतो. म्हणून दाब पाहिजे. फ्रेमच्या मागे योगा मॅटचा तुकडा कापून घाला, वर फळी, चार कोपऱ्यांना आणि मध्ये पण क्लिपा. निगेटिव्हची शाईची बाजू कागदाला चिकटून आहे ना ते बघा, उलटी ठेवली असेल तर फिल्मच्या जाडीएवढी फट तुम्ही स्वतःच दिलीत. आणि हे सगळं करून मग दोन-तीन आठवडे खडबडीत कागद सोडून गुळगुळीत कागद वापरून बघा.

डबा तोच, ट्यूबा त्याच, वेळ तोच १२ मिनिटं, तरी कालची प्रिंट आणि आजची प्रिंट वेगळी. मग डब्याचा उपयोग काय? (रत्नागिरी)

उपयोग हाच की आता दोष उजेडावर ढकलता येत नाही. म्हणजे अगदीच नाही असं नाही, थंड ट्यूबा पेटवल्यावर पहिली काही मिनिटं उजेड बदलत राहतो, म्हणून रिकामा डबा पाच मिनिटं चालवून मग फ्रेम आत सरकवा. पण तुमच्या बाबतीत मला कागदावर संशय आहे. रत्नागिरीत जुलैत काय वाळतं हो? रसायन लावलेला कागद वरवर कोरडा वाटतो पण आत ओल असते, आणि ओलसर कागद कोरड्यापेक्षा वेगळा वागतो. रात्री लावून सकाळी वापरलात तर तोवर तो आपला आपणच हिरवट-निळसर व्हायला लागलेला असतो, चांगला कागद लिंबासारखा पिवळा दिसला पाहिजे. लावल्या लावल्या अंधारात टांगा, हेअर ड्रायर गार हवेवर फिरवा, तासाभरात वापरून मोकळे व्हा. ठेवायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. निगेटिव्ह आणि कागदामध्ये अगदी पातळ पारदर्शक पॉलिएस्टर फिल्म घाला, नाहीतर ओलीमुळे शाई कागदाला चिकटून निगेटिव्हच जाते.

आणि १२ मिनिटं हा आकडा तुम्ही कुठून आणला? माझ्या डब्याचा असेल तर तो तुमच्या डब्याचा नाही. शाई नसलेली कोरी ओएचपी फिल्म घ्या, रसायन लावलेल्या कागदाच्या पट्टीची अर्धी लांबी तिने झाका, अर्धी उघडी ठेवा, वर काच. मग पुठ्ठ्याने आडवं झाकत झाकत ४, ६, ८, ११, १६, २२ मिनिटं असे टप्पे द्या. धुऊन पूर्ण वाळू द्या, ओलं असताना फसवतं. फिल्मखालचा निळा ज्या टप्प्यापासून पुढे आणखी गडद होत नाही, तो तुमचा वेळ. तो डब्याच्या झाकणावर मार्करने तारखेसकट लिहा, आणि ट्यूबा जुन्या होतात म्हणून दर तीन-चार महिन्यांनी हीच पट्टी पुन्हा करा. माझ्या झाकणावर ९, मग १०, मग साडेअकरा असं लिहिलेलं आहे, साडेअकराच्या पुढे ‘ट्यूबा आण’ असं. धुवायला बोअरचं पाणी वापरत असाल तर त्यात चमचाभर व्हिनेगर टाका, अल्कली पाण्यात निळा फिका पडतो, तेही एकदा तपासून मला कळवा.